साखळी नेमकी कुठे तुटते: रबराच्या मिलपासून साखर कारखान्याच्या क्लॅरिफायरपर्यंत

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पंपाचे वॉशर, बुश, गॅस्केट बनवणाऱ्या एखाद्या रबर युनिटमध्ये सकाळची पहिली बॅच लागताना बघा. केरळातून आलेली आरएसएस (रिब्ड स्मोक्ड शीट), म्हणजे धूर देऊन वाळवलेल्या कच्च्या नैसर्गिक रबराची शीट असते. धुरावलेली, तपकिरी, अंगावर बारीक रेघा, वाकवली की उसळून पुन्हा सरळ होणारी. मिलच्या दोन रोलांमध्ये टाकली तरी पहिली दोन-तीन मिनिटं ती दाद देत नाही. फटीतून जाते, फाटते, खाली ट्रेमध्ये चिंध्या पडतात. ऑपरेटर त्या उचलून पुन्हा वर टाकतो. मग चिंध्या एकमेकींना धरायला लागतात, भोकाभोकांचा जाळीदार पट्टा तयार होतो आणि आठ-दहा मिनिटांनी पुढच्या रोलभोवती गुळगुळीत, चकचकीत बँड बसतो. आता हे रबर कार्बन ब्लॅक (काजळी) खाईल, झिंक ऑक्साइड खाईल, साच्यात जिथे ढकलाल तिथे जाईल.

बघणाऱ्याला वाटतं, घासून गरम झालं म्हणून मऊ पडलं. पण तीच शीट काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थंडगार असताना हातात घ्या. मऊच असते. मेण वितळून पुन्हा घट्ट होतं तसं हे नाही. त्या दहा मिनिटांत रबराच्या रेणूंची लांबी कायमची कमी झालेली असते. मिलने रासायनिक बंध तोडलेले असतात, आणि तेही ॲसिड न घालता, भट्टी न पेटवता, नुसत्या ओढाताणीने. लंडनच्या थॉमस हॅन्कॉकने १८२० मध्ये दातेरी रोलचं यंत्र बनवून रबर असं मऊ करायला सुरुवात केली, तेव्हा रेणू म्हणजे काय हेच कुणाला धड ठाऊक नव्हतं. पद्धत फुटू नये म्हणून तो यंत्राला ‘पिकल’ म्हणजे लोणचं म्हणायचा. या क्रियेचं आजचं नाव मॅस्टिकेशन. साखळ्या तुटल्यामुळे रबर मऊ होतं, हा खुलासा व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं.

हीच घटना वीस-पंचवीस किलोमीटरवर, कृष्णाकाठच्या कुठल्याही साखर कारखान्यात रोज घडते. फक्त तिथे ती कुणालाही नको असते. उसाचा रस निवळण्यासाठी जे पॉलिमर वापरतात, त्याच्या साखळ्या चुकीच्या पंपात तुटतात आणि क्लॅरिफायरमधून, म्हणजे रस निवळायच्या टाकीतून, गढूळ रस यायला लागतो. मिलवर साखळी तोडायची असते, क्लॅरिफायरकडे नेताना ती जपायची असते. दोन्हीकडचं शास्त्र एकच आहे.

ओढ किती लागते?

पॉलिमर म्हणजे एकाच नमुन्याच्या कड्यांची लांबच लांब साखळी. नैसर्गिक रबरात कडी आयसोप्रीनची, तिचं रेणुभार ६८. कच्च्या रबराचं रेणुभार सहज दहा लाखांच्या घरात असतं, म्हणजे एका साखळीत सुमारे पंधरा हजार कड्या. पूर्ण सरळ केली तर ती सहा-सात मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरेल. पण ती सरळ कधीच नसते, गुंडाळलेली असते. कड्या जोडणारे बंध कार्बन-कार्बनचे. साधा कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे ३५० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते.

साखळीतले अणू सतत थरथरत असतात. एक बंध सेकंदाला साधारण दहा लाख कोटी वेळा कंप पावतो, आणि प्रत्येक कंपन म्हणजे तुटण्याचा एक प्रयत्न. पण खोलीच्या तापमानाला त्या थरथरीत इतका कमी जोर असतो की ३५० किलोज्यूलचा उंबरठा ओलांडायची शक्यता शून्यच धरायची. विश्वाच्या वयाएवढा काळ थांबलात तरी तो बंध आपणहून तुटणार नाही.

आता साखळीची दोन टोकं धरून ओढा. इथे बहुतेकांची समजूत चुकते. ओढ बंधाला सुरीसारखी कापत नाही. ती उंबरठा खाली आणते, आणि तोडायचं काम शेवटी त्या थरथरीनेच होतं. बंध तुटायच्या टोकाला जाईपर्यंत ०.१ नॅनोमीटर ताणावा लागतो असं धरून ढोबळ हिशोब करू. १ नॅनोन्यूटन ओढीला (म्हणजे एका ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाचं वजन) तुटण्याचा वेग तीस अब्ज पटींनी वाढतो. आकडा प्रचंड वाटतो, पण मुळातला वेगच इतका नगण्य आहे की साखळी अजून सुरक्षितच असते. ४ नॅनोन्यूटनला तो बंध दहा-अकरा दिवस टिकेल. ४.५ नॅनोन्यूटनला पाच सेकंद. आणि ५ नॅनोन्यूटनला एका मिलिसेकंदाचाही तिसावा भाग.

या चार आकड्यांवर जरा थांबा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. ४ आणि ५ मध्ये फरक एका नॅनोन्यूटनचा, पण आयुष्य अकरा दिवसांवरून डोळ्याची पापणी लवण्याच्याही आत आलं. त्यामुळे व्यवहारात ‘या ओढीच्या खाली साखळी टिकते, वर गेली की तुटते’ असा बऱ्यापैकी ठाम उंबरठा दिसतो. म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एकेक रेणू अतिसूक्ष्म सुईच्या टोकाला चिकटवून खरोखर ओढला. तेव्हा सिलिकॉन-कार्बनचा बंध सुमारे २ नॅनोन्यूटनला तुटला. प्रत्येक बंधाची मर्यादा वेगळी, पण बहुतेक याच पट्ट्यात येतात.

रबराच्या साखळीत एक कच्चा दुवा आहे. दोन आयसोप्रीन कड्यांना जोडणारा एकेरी बंध तुटला, तर दोन्ही बाजूंची तुटकी टोकं शेजारच्या दुहेरी बंधाच्या आधाराने जरा निवांत बसू शकतात. म्हणून तिथे ३५० ऐवजी २६० किलोज्यूलच्या आसपास पुरतात. नैसर्गिक रबर मिलवर इतक्या सहज मोडतं, त्याचं एक मोठं कारण हे.

गुंता आणि झटका

मग ठिबकची नळी हाताने ओढून तोडतो तेव्हा असेच बंध तुटतात का? फार थोडे. या नळीतल्या पॉलिथिलीनच्या साखळ्या एका चौरस मिलिमीटरमध्ये दाटीवाटीने समांतर बसवल्या आणि सगळ्या एकदम तोडायच्या ठरवल्या, तर दोन-अडीच टन ओढ लागेल. प्रत्यक्षात तेवढ्या जाडीचं प्लास्टिक दोन-तीन किलोला हार मानतं. हजार पटींचा हा फरक पडतो, कारण साखळ्या तुटायच्या आधीच एकमेकींवरून सटकतात. ओढ लावली की साखळी तुटते हा अपवाद आहे. सटकणं हा नियम.

तासगावकडच्या द्राक्षबागेत वेल बांधायच्या सुतळीचा गुंता सोडवलेल्या माणसाला पुढचं वेगळं सांगायला नको. वीतभर तुकडा गुंत्यातून ओढला की अलगद निघून येतो. दहा हात लांबीची सुतळी मात्र ठिकठिकाणी अडकलेली असते. हळू, सैल करत ओढली तर तीही निघते. हिसडा दिला की तुटते. लांबी, गुंता आणि ओढण्याचा वेग, तिन्ही एकत्र आल्याशिवाय सुतळी तुटत नाही आणि साखळीही नाही.

दहा लाख रेणुभाराच्या रबरसाखळीला दीडेकशे ठिकाणी शेजारच्या साखळ्यांचे अडसर असतात. मिलचे दोन रोल मुद्दाम वेगवेगळ्या वेगाने फिरवतात, प्रमाण साधारण १ ला १.२. पुढचा ४०० मिलिमीटर व्यासाचा रोल मिनिटाला २० फेरे घेत असेल तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला ४२ सेंटिमीटर सरकतो आणि मागचा ५०. फटीतल्या रबराची एक बाजू दुसरीपेक्षा सेकंदाला ८ सेंटिमीटर पुढे पळते. फट २ मिलिमीटर असेल तर रबर सेकंदाला स्वतःच्या जाडीच्या चाळीस पट घसटलं जातं, १ मिलिमीटर केली तर ऐंशी पट. एवढ्या वेळात साखळीला गुंता सोडवून निसटायला सवड मिळत नाही. ती ताणली जाते आणि तुटते.

तुटते तीही कुठेही नाही, बहुतेक मधोमध. इथे रस्सीखेच आठवा. एका बाजूला आठ गडी, प्रत्येकाची ओढ ३० किलो. शेवटच्या गड्याच्या पुढे दोरात ३० किलो ताण, दुसऱ्याच्या पुढे ६०, असं वाढत वाढत मधल्या रुमालापाशी २४० किलो. दोर तुटलाच तर रुमालाजवळ तुटणार. साखळीचंही तसंच, प्रत्येक कडीला भोवतालच्या द्रवाची ओढ लागते आणि सगळी बेरीज मध्यावर येते. फरक इतकाच की वाहत्या द्रवात मध्यापासून जितकं लांब, तितकी ओढ जास्त. साखळी अर्धी झाली की ओढणारे निम्मे होतात, शिवाय सगळ्यात जोरकस गडीच गळतात. म्हणून मध्यावरचा ताण अर्धा न होता पाव होतो. यातून दोन गोष्टी निघतात. लांब साखळ्या आधी तुटतात. आणि एका लांबीखाली साखळी तुटायची थांबते, कारण तिच्या मध्यावर उंबरठ्याएवढा ताण येतच नाही. मिलवर पहिल्या दहा मिनिटांत रबर झपाट्याने मऊ होतं आणि नंतर तेवढाच वेळ घालवूनही फारसा फरक पडत नाही, ते यामुळेच.

मिलवर थंड पाणी का सोडतात

बहुतेक रासायनिक क्रिया तापवल्यावर वेग घेतात. मॅस्टिकेशन उलट वागतं. रबर गरम झालं की ते सैल होतं, साखळ्या सटकायला लागतात, आणि ओढ उंबरठ्यापर्यंत चढतच नाही. म्हणून ५०-६० अंशांना काम भराभर होतं, तापमान वाढत जाईल तसं मंदावतं आणि १०० ते ११५ अंशांच्या पट्ट्यात जवळजवळ थांबतं. त्याच्याही वर गेलं की पुन्हा वेग येतो, पण तो वेग ओढीचा नसतो. तिथे हवेतला ऑक्सिजन तापलेल्या साखळीवर थेट हल्ला करतो. म्हणजे तोडायच्या वाटा दोन आहेत, एक थंड आणि एक गरम, आणि मध्ये खड्डा. उघड्या मिलवर थंड वाट धरायची. बंद नीडरमध्ये (बंद पेटीत रबर मळणारं यंत्र) तापमान आवरता येत नाही, तिथे १२० च्या वर नेऊन गरम वाट धरायची. सगळ्यात वाईट म्हणजे मिलच्या रोलच्या आतून फिरणारं थंड पाणी बंद किंवा अर्धवट, आणि रबर नेमकं त्या खड्ड्यात फिरत राहिलेलं. वीज जळते, वेळ जातो, रबर हाताला मऊ लागतं आणि थंड झाल्यावर पुन्हा ताठ. सांगली-मिरजेकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणीच ३५ अंशांच्या वर असेल तर हा त्रास ठरलेला. टाकी सावलीत घ्या, कूलिंग टॉवर साफ करा, रोलच्या आतला क्षार काढा. क्षाराचा पातळ थरही उष्णता अडवतो.

ऑक्सिजनचा थंड वाटेवरही हात आहे, पण वेगळ्या कामात. बंध तुटला की दोन मोकळी, भुकेली टोकं तयार होतात. शास्त्रात त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. समोरासमोर असतील तर ती क्षणात पुन्हा जुळतील आणि सगळी मेहनत फुकट जाईल. ऑक्सिजन मध्ये घुसून ती टोकं बंद करतो, मग तुटलेली साखळी तुटलेलीच राहते. पाइक आणि वॉटसन या संशोधकांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे नीट दाखवून दिलं. नायट्रोजनमध्ये रबर कितीही मळलं तरी ते फारसं मऊ होत नाही, पण टोकं बंद करणारं रसायन घातलं की नायट्रोजनमध्येही मऊ होतं. ओढ तोडते, ऑक्सिजन शिक्कामोर्तब करतो.

पेप्टायझर हे रसायन तेच काम हातभार लावून करतं. १०० भाग रबराला ०.१ ते ०.३ भाग पुरतो, म्हणजे २० किलोच्या बॅचला २० ते ६० ग्रॅम. ते इतकं थोडं असतं की चिमटीने टाकून चालत नाही. वजन करून, बँड बसायला लागला की पूर्ण रुंदीवर पसरून टाकायचं. आणि ते सगळ्यात आधी. गंधक किंवा कार्बन ब्लॅक आधी पडलं तर पेप्टायझरचं काम थंडावतं, कारण मोकळ्या टोकांना धरायला ही मंडळी आधीच हजर असतात.

१६ बाय ४२ इंची मिल (रोलचा व्यास १६, लांबी ४२) असेल तर २०-२५ किलोपेक्षा मोठी बॅच घेऊ नका. रबराचा ढीग फटीवर नुसता लोळत राहिला तर त्यातलं निम्मं रबर फटीत जातच नाही. सुरुवातीला फट १ ते २ मिलिमीटर, चिंध्या पाच-सहा वेळा नुसत्या पार करायच्या, मग बँड बसवायचा. बँड बसल्यावर दोन्ही बाजूंनी तीन-चतुर्थांश रुंदीपर्यंत कट मारून रबर उलटवत राहायचं, नाहीतर रोलला चिकटलेला थर आणि बाहेरचा थर वेगवेगळे राहतात. अंगठी, सैल बाही, गळ्यातला गमछा मिलपाशी नको, आणि सेफ्टी बार रोज शिफ्टच्या सुरुवातीला दाबून बघायचा. रोल नक्की किती अंतरात थांबतात हे माहीत असलंच पाहिजे.

झालं हे कसं ओळखायचं? मूनी व्हिस्कोमीटर, म्हणजे कच्च्या रबराचा ताठपणा मोजणारं यंत्र, असेल तर प्रश्नच नाही. १०० अंशांवरच्या नेहमीच्या चाचणीत कच्ची शीट ८०-९० च्या घरात दाखवते, साच्यातल्या सर्वसाधारण कामासाठी ती ५०-६० पर्यंत आली की बस. यंत्र नसेल तर फूटपट्टी चालते. गरम शीट कापून टेबलावर टाका, त्यावर लगेच २० सेंटिमीटरची खूण करा आणि तासाभराने पुन्हा मोजा. अंगात ‘नर्व्ह’, म्हणजे ताणलं की मागे उसळायची खोड, शिल्लक असेल तर खूण चांगलीच आखडलेली दिसेल. लांब साखळ्या ताणलेल्या अवस्थेतून परत गोळा होतात, आखूड साखळ्यांत तेवढा जोर नसतो. दररोजच्या बॅचचा आकडा वहीत लिहा, पंधरा दिवसांत तुमच्या मिलचं मोजमाप तुम्हालाच कळेल.

जास्त मळल्याचं नुकसान मात्र बरंचसं साच्यातून बाहेर आल्यावर कळतं. रबर रोल सोडत नाही, चिकटतं, साच्यात हवा कोंडून वॉशरमध्ये फोड येतात, आणि तयार माल लवकर झिजतो, दाबाखाली चपटा होऊन तसाच राहतो. कारण टोकांत आहे. गंधकाने साखळ्या एकमेकींना जागोजागी जोडल्या जातात, पण प्रत्येक साखळीच्या शेवटच्या जोडापासून टोकापर्यंतचा तुकडा लोंबकळतच राहतो. त्याच्यावर भार येत नाही. एक साखळी मधोमध तोडली की दोन टोकांची चार टोकं होतात. साखळ्यांची लांबी निम्मी केली की तेवढ्याच रबरात लोंबकळणारा भाग दुप्पट. गंधक वाढवून हे भरून निघत नाही, माल फक्त कडक आणि ठिसूळ होतो.

सगळी रबरं अशी वागत नाहीत. एसबीआर, नायट्राइल, ईपीडीएम ही कृत्रिम रबरं कारखान्यातून हवी तेवढीच लांबी घेऊन येतात. त्यांना मिलवर मोडायला बसू नका. तुटलेली टोकं तिथे पुन्हा एकमेकींत गुंतून गाठी बनण्याची शक्यता जास्त. रिप्रोसेस प्लास्टिकचा दाणा बनवणारेही हा फरक रोज बघतात. पॉलिप्रॉपिलीन एक्स्ट्रूडरमधून पुन्हा पुन्हा काढलं की पातळ होत जातं, कारण तुटलेली साखळी आणखी तुटते. पॉलिथिलीन मात्र अनेकदा उलट घट्ट होतं, जेल पडते (न वितळणाऱ्या गुठळ्या होतात), कारण मोकळी टोकं शेजारच्या साखळीला जाऊन जुडतात. दोन्हीकडे तुटण्याची सुरुवात सारखीच, पुढचं सगळं मोकळं टोक कुठे जाऊन बसतं त्यावर.

अशी ओढ डोळ्यांनी बघताही येते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्पायरोपायरान नावाचा रेणू साखळीच्या मधोमध बसवला. त्यात एक मुद्दाम कच्चा बंध आहे. पट्टी ताणली की आधी तो बंध उघडतो आणि फिकट पट्टी लाल होते. तुटण्याआधी ताण कुठे साचतोय ते रंगाने दिसतं.

जिथे तुटू द्यायचं नाही

आता साखर कारखान्याकडे या. रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन, तापवून तो क्लॅरिफायरकडे निघतो तेव्हा त्यात गाळाचे अतिबारीक कण तरंगत असतात. आपणहून बसायला त्यांना तास लागतील. म्हणून ॲनायोनिक पॉलिॲक्रिलामाइड, म्हणजे फ्लॉक्युलंट, घालतात. मात्रा टनभर रसाला अवघी २ ते ४ ग्रॅम. ५,००० टन रसाला ३ ग्रॅमच्या हिशोबाने दिवसाला १५ किलो. एवढ्याशा पावडरीत ही ताकद कुठून येते? लांबीतून. तिचं रेणुभार दीड कोटीपर्यंत असतं, म्हणजे एका साखळीत दोन लाखांवर कड्या. सरळ केली तर ५० मायक्रॉनच्या पुढे जाईल, जवळजवळ माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. एकच रेणू! त्याचं एक अंग एका कणाला चिकटतं, दुसरं दुसऱ्याला, आणि कणांचा पुंजका होऊन झपकन खाली बसतो. पूल बांधणं, एवढंच त्याचं काम.

आता ओढ लांबीच्या वर्गाने वाढते हे आठवा. दहा लाखांच्या साखळीला जो प्रवाह काहीच करत नाही, तोच दीड कोटीच्या साखळीला मधोमध मोडतो. सेंट्रिफ्यूगल पंपातला २०० मिलिमीटरचा इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक, मिनिटाला १,४५० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १५ मीटर असतो. द्रावण शांत पाइपातून येऊन अचानक त्या वेगाला पकडलं जातं. साखळीचा पुढचा भाग पळतो, मागचा मागे राहतो. रस्सीखेच सुरू. म्हणून फ्लॉक्युलंटच्या द्रावणाला सेंट्रिफ्यूगल पंप लावायचाच नाही. स्क्रू पंप किंवा हळू चालणारा डोसिंग पंप लावा. अर्धवट बंद केलेला व्हॉल्व्ह तितकाच घातक आहे. प्रवाह कमी करायचा तर पंपाचा वेग कमी करा, व्हॉल्व्ह पिळू नका.

द्रावण करताना ०.०५ टक्के धरा, म्हणजे हजार लिटर पाण्यात अर्धा किलो. पाणी स्वच्छ, मऊ, फार गरम नाही, ५० अंशांच्या आत. कठीण पाण्यातल्या कॅल्शियममुळे साखळी आखडून बसते आणि लांबी असूनही कामाला येत नाही. लोखंडी टाकी टाळा, कारण गंजातून सुटलेलं लोह आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तीच मोकळी टोकं तयार करतात आणि कुणी न ओढताही साखळ्या तुटतात. पावडर पाण्याच्या भोवऱ्यात चाळणीने शिंपडत टाकायची. ढीग ओतला की वरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात, ‘माशाचे डोळे’ म्हणतात तशा. आणि खरी चूक इथे होते. गुठळ्या फोडायला माणूस जलद मिक्सर लावतो. गुठळ्या फुटतात, पण मोकळ्या झालेल्या साखळ्याही त्यासोबत मोडतात. मोठ्या पात्याचा, मिनिटाला ६० फेऱ्यांच्या आसपासचा स्टरर पाऊण ते एक तास चालू द्या आणि मग थांबवा. रात्रभर ढवळत ठेवणं म्हणजे रात्रभर तोडत ठेवणं. द्रावण त्याच दिवशी संपवा.

तयार द्रावण काचेच्या कांडीवर घेऊन उचललं तर लांब तार यायला हवी. गुऱ्हाळावर गुळव्या पाकाची तार दोन बोटांत बघतो, तीच नजर इथे लागते, फक्त कारण वेगळं. पाकाची तार आटलेल्या साखरेच्या दाटपणातून येते. इथे हजार लिटरमध्ये अर्धाच किलो माल असतो, तार येते ती साखळ्यांच्या लांबीने. द्रावण दाट आहे पण तार येताच तुटते, म्हणजे साखळ्या मोडल्या आहेत.

गढूळ रस दिसला की मात्रा वाढवायची सवय सगळीकडे आहे. साखळ्या तुटलेल्या असतील तर तिचा उपयोग नाही. वीस हात रुंदीच्या ओढ्यावर दहा हातांच्या दोन फळ्या टाकून पूल होत नाही. उलट जास्तीचं पॉलिमर पुढे रसाबरोबर जातं आणि फिल्टरवरही कटकट करतं.

म्हणून मात्रेला हात लावायच्या आधी दोष कुठे आहे ते शोधा. एक-एक लिटरचे दोन मोजपात्र घ्या, ९० अंशांच्या वरच्या पाण्यात उभे ठेवा. रस थंड व्हायला लागला तर आतल्या आत प्रवाह सुरू होतात आणि बसणारा गाळ पुन्हा उचलला जातो. दोन्हींत फ्लॉक्युलंट घालायच्या आधीचा, एकाच वेळी काढलेला गरम रस भरा. ०.०५ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम पॉलिमर असतं, म्हणून ३ पीपीएमसाठी (लिटरभर रसाला ३ मिलिग्रॅम) ६ मिलिलिटर लागतील. एका पात्रात टाकीतून थेट काढलेलं द्रावण घाला, दुसऱ्यात पंप आणि सगळे व्हॉल्व्ह पार केल्यावर, रसात मिसळण्याच्या अगदी अलीकडे काढलेलं. सुई काढलेल्या सिरिंजने हळू सोडा. बारीक नळीतून जोरात मारलं तर तुमची सिरिंजच साखळी तोडेल आणि चाचणी खोटी ठरेल. सच्छिद्र चकतीच्या दांड्याने तीन-चार वेळा हलकेच वरखाली करा आणि गाळाची रेघ दर अर्ध्या मिनिटाला लिहा. दोन्ही रेघा बरोबरीने उतरल्या तर लाइन निर्दोष आहे, पाणी, पीएच किंवा चुन्याकडे बघा. टाकीतलं द्रावण भराभर बसतंय आणि लाइनमधलं रेंगाळतंय, तर साखळ्या मधल्या वाटेवर तुटताहेत. मग नमुना पंपाच्या लगेच पुढे घ्या, नंतर एकेक व्हॉल्व्ह ओलांडून घ्या. ज्या दोन नमुन्यांच्या मध्ये रेघ अचानक मंदावते, तिथला पंप किंवा व्हॉल्व्ह बदला.